नऊ नंबर खाटेचा चार्ट

अकोला,
३ फेब्रुवारी २०२५

जीवनदादा,

खुशाली विचारण्याएवढं नातं आपल्यात उरलेलं नाही, म्हणून सरळ कामाचं लिहिते. फोनवर तू मला ब्लॉक केलंयस. हा कागद शालूमावशी बाबांच्या डब्याच्या पिशवीत ठेवेल. ती आमच्या वॉर्डातली आया आहे, माझा राग तिच्यावर काढू नको.

काल काउंटरवर येऊन तू मेट्रनबाईंना म्हणालास, "त्या सिस्टरले आमच्या बाबापाशी पाठवू नका." त्यांनी विचारलं, कोणत्या सिस्टर? नाव काय? तुझ्या तोंडातून नाव काही निघेना. शेवटी बोट दाखवलंस, "थे, चष्म्यावाली." मी चार हातांवर औषधाच्या ट्रॉलीपाशी उभी होते. अकरा वर्षांपूर्वी मी चंदनशी लग्न केलं, भाजीपाला पिकवून अकोल्याच्या बाजारात विकणाऱ्यांच्या घरात गेले, आणि बाबांनी आपल्या शेंदूरजन्याच्या विहिरीवर माझ्या नावानं आंघोळ केली. मेलेल्या माणसाची करतात तशी. तेव्हापासून घरात माझं नाव काढायचं नाही हे मला ठाऊक होतं. ते दवाखान्याच्या काउंटरवरही काढायचं नसतं हे काल कळलं. आता अख्खा वॉर्ड मला चष्म्यावाली म्हणतो. तुझी कृपा.

पातूरला मैनाआत्याकडच्या लग्नात बाबा पंगतीतच कलंडले, उजवी बाजू गेली, आणि जवळ मेंदूचा डॉक्टर असलेला दवाखाना आमचाच निघाला. त्यात तुझा इलाज नव्हता, माझाही नव्हता. सकाळी आठ ते दोन माझी ड्युटी असते, सहा खाटा माझ्याकडे. बाबांची नऊ नंबर त्यातच येते.

तुम्हा लोकांना फक्त चार ते सहा आत सोडतात, म्हणून आमचं काय चालतं ते सांगते. ज्याला स्वतः कूस बदलता येत नाही, त्याला दर दोन तासांनी वळवावं लागतं. डावी कूस, पाठ, उजवी कूस. नाही वळवलं तर हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी चेंगरते, तिथलं रक्त थांबतं आणि माणूस जिवंत असताना त्याचं मांस सडायला लागतं. त्याला बेडसोर म्हणतात. बाबांचं वय चौऱ्याहत्तर, त्यात शुगर. खाटेच्या पायथ्याशी चार्ट असतो. वळवलं की वेळ लिहायची, कूस लिहायची, सही करायची.

तुझ्या हट्टावर मेट्रनबाईंनी तोड काढली. सकाळी बाबांना हात शालूमावशी आणि वॉर्डबॉय शेखर लावतील. मी फक्त त्यांना बोलवायचं, करून घ्यायचं आणि सही करायची. म्हणजे तुझ्या बापाचा विटाळही टळला आणि काम झालं.

आईची गोधडी घरी घेऊन जा. बाबांच्या खाली ती अंथरायचा तुझा हट्ट कळतो मला. तिच्या हातचे टाके जाड आहेत, ते पाठीत रुततात. आई गेली तेव्हा मला कोणी कळवलं नाही. आत्याच्या मुलाच्या स्टेटसवर फोटो पाहिला, हार घातलेला. ती गोधडी मी काल पाच मिनिटं उगाच हातात धरून उभी होते, एवढं फक्त सांगते.

वर्षाली
(लिहिलं मी नाव. डोळ्यांना त्रास झाला असेल तर धुऊन घे.)


अकोला,
५ फेब्रुवारी

दादा,

माझा कागद तू न वाचता कचऱ्याच्या लाल डब्यात टाकलास. लाल डब्यात रक्ताच्या नळ्या टाकतात. कागद काळ्या डब्यात टाकायचा असतो. हा टाकशील तेव्हा लक्षात ठेव.

काल संध्याकाळी तू बाबांच्या पाठीला पावडर चोळत होतास म्हणे. चोळू नको. लाल झालेल्या जागेला कधीच चोळायचं नसतं, आतली कातडी आणखी फाटते. टाचेखाली तू सायकलच्या ट्यूबची चुंबळ करून ठेवलीस, तीही काढून टाकली. तिनं रक्त आणखी अडतं. पोटरीखाली उशी ठेवायची आणि टाच अधांतरी सोडायची. संत्र्याची कलमं बांधताना तुझा हात किती हलका असतो ते मी पाहिलंय. तोच हात इथं असा अडाण्यासारखा काय चालवतोस?

तू प्रणालीला विचारत होतास म्हणे, सकाळी बरोबर वळवतात ना? प्रणाली म्हणजे दुपारच्या ड्युटीची सिस्टर, तीस-एकतीसची, लहान मुलगी आईकडे ठेवून परत नोकरीला लागलेली. अजून कच्ची आहे, सहा महिन्यांच्या करारावर. तिला काय विचारतोस? चार्ट बघ. आठ वाजता डावी, दहाला पाठ, बाराला उजवी. सगळ्या सह्या आहेत. सात वर्षांत माझ्या सहा खाटांवर एकाही माणसाला बेडसोर झालेला नाही. मेट्रनबाईंनी त्याची पाटी वॉर्डाच्या दाराला लावलीय. रोज सकाळी तिच्यावरचा आकडा मी स्वतः खडूनं वाढवते. तुमच्या घरात मी मेलेली असेन, इथं माझ्या नावाची पाटी आहे.

शेजारच्या दहा नंबरवर सहदेव म्हणून ट्रक ड्रायव्हर आहे. घशात नळी आहे, बोलता येत नाही. त्याला मात्र मी माझ्या हातानं वळवते. त्याच्या घरचे मला हात लावू देतात. बाबा बघत असतात. बघू दे.

वर्षाली


अकोला,
९ फेब्रुवारी

दादा,

काल तू पाहिलंसच. दोन वाजता ड्युटी बदलताना डॉक्टरांनी राऊंडला तुलाही आत घेतलं, बाबांना पूर्ण कुशीवर केलं आणि कंबरेखालची जागा उघडी पडली. तळहाताएवढी. मधोमध काळी, कडेनं जांभळी, आणि वास. उजव्या टाचेवर पण एक आहे, लहान. तू खिडकीशी जाऊन उभा राहिलास. मला वाटलं, ओकतोस की काय.

मग ओरडलास. शालूमावशीवर, शेखरवर, प्रणालीवर, मेट्रनबाईंवर, "माह्या बापाले जिता सडवला तुमी लोकायनं!" मी दोन हातांवर होते. माझ्यावर ओरडला नाहीस. तुझी नजर माझ्या डोक्यावरून भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली आणि तिथून प्रणालीवर उतरली. जसं मधे काही नाहीच.

कारणं बरीच असू शकतात. शुगर होती. ती गोधडी दोन दिवस खाली होती. कॅथेटर गळत होता, चादर ओली राहिली असेल. हवेची गादी आमच्याकडे एकच आहे, ती दुसऱ्या पेशंटखाली होती. चौकशी होईल. आमच्याकडे रीतसर होते.

पाटीवरचा आकडा मी आज पुसला.

वर्षाली


अकोला,
१४ फेब्रुवारी

दादा,

बाबांना तू अमरावतीला हलवलंस हे बरं केलंस. तिथल्या दवाखान्याचा पत्ता रेफर-चिठ्ठीवर होता, म्हणून हे पत्र पोस्टानं.

तुझी तक्रार वाचली. मेट्रनबाईंनी सगळ्यांना वाचायला दिली. तीन पानं. अक्षर अजून तसंच आहे, उकार लांब ओढतोस. प्रणालीचं नाव पाच वेळा. शेखरचं दोनदा. शालूमावशीचं एकदा, तेही चुकीचं. मेट्रनबाईंचं आहे, डॉक्टरांचं आहे, गेटवर तुला अडवणाऱ्या वॉचमनचंसुद्धा आहे. रोज सकाळी आठ ते दोन ज्या बाईच्या ताब्यात तुझा बाप होता, तिचं नाही. "सकाळच्या वेळेचे कर्मचारी" असे तीन शब्द आहेत. त्यात मी आले असं समजू का?

प्रणालीला नोटीस मिळाली. तिच्या रकान्यात खाडाखोड सापडलीय. ५ तारखेला दुपारी तिनं चार्टवर काहीतरी लिहिलं आणि मग गिरवून काळं केलं. चोवीस तारखेला तिची सुनावणी आहे. तिला विचारलं तर नुसती रडते. माझ्या रकान्यात एक रेघ इकडची तिकडे नाही, म्हणून माझ्याकडे कुणी बघतही नाही.

मला तुला काही सांगायचंय. ते आज लिहवत नाही. चंदन म्हणतो, झोप जरा. त्याला काही माहीत नाही.

वर्षाली


अकोला,
१७ फेब्रुवारी

दादा,

आता सगळं लिहिते. हे तरी फेकू नको.

४ तारखेची सकाळ. आठ वाजता मी सहदेवला वळवलं. चादर ताणली, गुडघ्यांमध्ये उशी दिली, पाठीवरून हात फिरवून कुठं लाल तर नाही ना ते बघितलं. मग शालूमावशीला हाक मारायला वळले, बाबांसाठी. तेवढ्यात बाबा बोलले. जीभ जड, तरी समजलं. "ओ सिस्टर, मलेबी वळवा न. पाठ जळून राह्यली."

सिस्टर. तुला सांगते, मला आधी आनंद झाला. अकरा वर्षांनी बाप माझ्याशी बोलला होता. मग राग आला, असा की कानशिलं तापली. मी खाटेजवळ गेले, वाकले आणि म्हटलं, "कोणती सिस्टर? माहं नाव घ्या. मंग लगेच वळवू."

त्यांनी मला ओळखलं होतं. डावा डोळा स्वच्छ आहे त्यांचा. त्यांनी तोंड मिटलं आणि छताकडे बघायला लागले. तो चेहरा तुला माहीत आहे. दलालानं बागेचा भाव पाडून मागितला की करायचे, तो.

मी मावशीला हाक मारली नाही. चार्टवर लिहिलं, आठ, डावी, सही.

दहा वाजता परत विचारलं. बारा वाजता परत. दर वेळी त्यांच्यासमोर सहदेवला वळवलं आणि मग त्यांच्याकडे गेले. "नाव घ्या." गप्प. दहा, पाठ, सही. ते तर खरंच होतं, पाठीवरच होते. बारा, उजवी, सही. शालूमावशीला वाटलं शेखरनं केलं असेल, शेखरला वाटलं मावशीनं. दोघांना चाळीस कामं असतात, कोण विचारतो?

असं चार दिवस. ४, ५, ६, ७. रोज सहा तास एकाच जागेवर, ओल्या चादरीवर. पहिल्या दिवशी वाटलं, दुपारपर्यंत घेतील नाव. दुसऱ्या दिवशी वाटलं, आता सोडलं तर मी हरले. तिसऱ्या दिवशी त्यांनी परत तोंड उघडलं, मी धावत गेले, तर म्हणाले, "मैनीले बोलवा." बहिणीचं नाव घेतलं त्यांनी. चौथ्या दिवशी ते काही बोललेच नाहीत, नुसते दात आवळून होते. कपाळाला घाम. मी तो पुसलासुद्धा नाही, हात लावायचा नाही ना.

मला कळत नव्हतं असं समजू नको. काय होईल हे या वॉर्डात माझ्याइतकं कोणालाच कळत नाही. नव्या पोरींना मीच शिकवते, दोन तास म्हणजे दोन तास, जेवण सोडा पण वळवणं सोडू नका.

आणि प्रणाली. ती दुपारी दोन वाजता यायची आणि पहिलं काम बाबांना वळवायची. ५ तारखेला मी अजून कपडे बदलत होते, ती धावत आली. "ताई, नऊ नंबरले मांगं लाल झालं. बोटानं दाबून पाह्यलं, पांढरं नाही होऊन राह्यलं." दाबल्यावर लाली गेली नाही म्हणजे सुरुवात झाली. तिनं ते चार्टवर लिहिलंही होतं, वेळेसकट, मोठ्या अक्षरात. बरोबर केलं होतं तिनं. मी म्हटलं, "घाई काहून करतं? गोधडीचे वळ आहेत ते. नातेवाईक बोंबलतील. खोड ते, मी उद्या सकाळी पाहतो." तिनं माझ्या शब्दावर खोडलं. ती काळी गिरवलेली रेघ म्हणजे माझा शब्द आहे. कोणी विचारलं तरी ती माझं नाव घेत नाही. ताईनं शिकवलं म्हणते, ताई असं कसं सांगेल, माझंच चुकलं असेल. म्हणून रडते.

त्याच रात्री मी घरी जाऊन तुला लिहिलं होतं, चार्ट बघ म्हणून. आठवतं?

आता माझं मागणं. तू तक्रारीत माझं नाव लिही. सकाळच्या वेळेचे कर्मचारी नको. वर्षाली. पुढे चंदनचं लाव नाहीतर बाबांचं लाव, तुला झेपेल ते. जोडपत्र दे एक पानाचं, हे पत्र सोबत जोड, चोवीसच्या आत मेट्रनबाईंकडे पोहोचव. प्रणाली सुटेल, मी जाईन.

तू म्हणशील, मग तूच जाऊन का सांगत नाहीस? सांगू शकते. मेट्रनबाईंची खोली माझ्या खाटांपासून वीस पावलांवर आहे. पण मी सांगणार नाही. मला ते तुझ्या हातून हवंय. गुन्हेगार म्हणून का होईना, तुझ्या त्या लांब उकारात माझं नाव एकदा कागदावर यावं. प्रणालीची नोकरी मी त्यासाठी टांगणीला लावलीय. माझी मलाच शिसारी येते, पण मागे सरत नाही. बाबांची पोरगी आहे मी.

सात दिवस आहेत तुझ्याकडे.

वर्षाली


अकोला,
१ मार्च

दादा,

चोवीस तारखेला सकाळी तुझं पाकीट आलं. मेट्रनबाईंनी माझ्यासमोर फोडलं. मी हात एप्रनच्या खिशात घातले.

दोन ओळी. "आमची कोणाही विरुद्ध काहीही तक्रार नाही. दिलेला अर्ज परत घेत आहे." खाली सही.

मेट्रनबाई केवढ्या खूश झाल्या. म्हणाल्या, देवमाणूस आहे हो तुमचा हा नातेवाईक. वॉर्डातल्या कुजबुजीतून त्यांना आता नातं माहीत झालंय. मी त्या दोन ओळी परत परत वाचल्या. तू माझं पत्र वाचलंस. शेवटपर्यंत वाचलंस. बापाला कोणी सडवलं ते तुला कळलं, आणि माझं नाव लिहावं लागू नये म्हणून तू बापाची पाठसुद्धा सोडून दिलीस. मला वाटत होतं, आपल्या घरात सगळ्यात कठोर मी निघाले. नाही. मी तिसऱ्या नंबरवर आहे.

त्यात प्रणाली सुटली असं समजू नको. खाडाखोड ती खाडाखोडच, मेट्रनबाई म्हणाल्या, तक्रार नसली तरी करार वाढवता येणार नाही. प्रणालीनं लॉकर रिकामं केलं. मुलीच्या फोटोचा स्टिकर आतून निघत नव्हता, ती नखानं खरवडत बसली होती. मी बघत होते. मग मी ती वीस पावलं चालले.

लेखी दिलं. चार दिवसांचा सगळा हिशेब, आठ, दहा, बारा, कूस कोणती लिहिली आणि खरी कोणती होती. प्रणालीला खोडायला मी सांगितलं हेही. पेशंटशी नातं या रकान्यात मुलगी लिहिलं. मेट्रनबाईंनी चष्मा काढून ठेवला आणि बराच वेळ माझ्याकडे बघितलंच नाही. मी निलंबित आहे. नोंदणीही जाईल बहुधा. प्रणालीला सोमवारपासून परत घेतलंय, माझ्याच सहा खाटांवर. ती दारात भेटली. मी थांबले, ती थांबली नाही. बरोबर केलं तिनं. चंदननं सगळं ऐकलं, उठून अंगणात गेला आणि अजून माझ्याशी बोललेला नाही.

तुला हे कळवायचं काही कारण नव्हतं. पण काल आकांक्षावहिनीचा फोन आला. तुझ्या चोरून, तिच्या माहेरच्या नंबरवरून. लग्नानंतर पहिल्यांदा ऐकला मी तुझ्या बायकोचा आवाज. तिला शिव्या देऊ नको, ती फार घाबरली होती.

ती म्हणाली, "ताई, बाबा दिवसभर तुमचं नाव घेऊन राह्यले."

मी म्हटलं, मले बोलवून राह्यले का?

मग तिनं सांगितलं. जखम हाडापर्यंत गेलीय. डॉक्टर आता आशा देत नाहीत. बाबांना बाकी कशाचं भान नाही, तुला ओळखत नाहीत, तिलाही नाही. पण पांढऱ्या कपड्यातली कोणीही खाटेजवळ आली की डावा हात जोडल्यासारखा छातीवर आणतात आणि म्हणतात, "वर्षाली. वर्षाली. वर्षाली. आता वळवा." इंजेक्शनवाली आली तरी. झाडूवाली आली तरी. तिथल्या मुली हसतात, त्यांना वाटतं म्हातारबाबाची कोणी लाडकी लेक असेल. तू बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहतोस म्हणे.

मी येणार नाही. मी आले तर ते मलाही तसंच म्हणतील, आणि मला ते ऐकवणार नाही.

तू एक कर. आत जा. त्यांच्या डाव्या कानाशी बस, त्या बाजूनं ऐकू येतं त्यांना. आणि सांग, बाबा, नाव घ्यायची गरज नाही, इथं तसंच वळवतात.

वर्षाली